मदत हवी आहे : बाबांची पासवर्डची डायरी ठेवू की सगळं ॲपमध्ये टाकू?

बाबा ७४ वर्षांचे, आई ६९. दोघंच साताऱ्याला असतात, मी पुण्यात. बाबांचे सगळे पासवर्ड एका जुन्या डायरीत आहेत : नेटबँकिंग, ईमेल, विजेचं बिल, गॅस. बदलला की जुन्यावर काट, शेजारी नवा. शून्य आणि इंग्रजी ओ यांत घोळ नको म्हणून शून्याच्या पोटात तिरकी रेघ. इतकं नीट काम आहे की त्याला नावं ठेवायला जीव होत नाही.

गेल्या महिन्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, म्हणून आई बिल भरायला बसली. तिला त्या रेघेचा अर्थ माहीत नव्हता. तीनदा चुकलं, खातं लॉक. मग तिने त्या पानाचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवला. मला खरी धास्ती तिथे बसली. घरात चोरी झाल्याशिवाय डायरी कुणाच्या हाती लागत नाही, पण तो फोटो आता दोन फोनांत आणि फोटोंच्या बॅकअपमध्येही असणार. फोटो पुसले, पासवर्ड बदलले.

मी स्वतः बिटवॉर्डन वापरते : सगळे पासवर्ड एकत्र कुलूपबंद ठेवणारं ॲप, जे एकाच मास्टर पासवर्डने उघडतं. बाबांना तेच सुचवलं, तर त्यांचा पहिला प्रश्न : "मास्टर पासवर्डच विसरलो तर?" तर कंपनीलाही उघडता येत नाही, हे मला सांगावं लागलं. शिवाय २०२२ मध्ये लास्टपास या अशाच दुसऱ्या ॲपच्या ग्राहकांच्या पासवर्ड-तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या होत्या. त्या कुलूपबंद होत्या खऱ्या, पण ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा, त्यांना धोका होताच.

सध्या डोक्यात असं आहे : सगळे पासवर्ड ॲपमध्ये, आणि मास्टर पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द रोमन लिपीत. ते फक्त कागदावर, बंद पाकिटात, कपाटाच्या लॉकरमध्ये. एटीएम आणि यूपीआयचा पिन कुठेच लिहायचा नाही. पण आई स्मार्टफोनवर फोन आणि व्हॉट्सॲप यापलीकडे जात नाही. उद्या बाबांना काही झालं तर तिच्या हाताशी काय असेल? डायरीच ठेवून प्रत्येक पासवर्डची शेवटची चार अक्षरं न लिहिता दोघांनी पाठ करायची, हे या वयात जमेल का?

ज्यांनी आईवडिलांसाठी हे करून पाहिलंय, त्यांनी कृपया सांगा. पुढच्या महिन्यात बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्याआधी सोय लावायची आहे.