मदत हवी आहे : अतिवृष्टीच्या बातमीमागची मंडळाची पाऊसनोंद आणि पंचनाम्यांची यादी कशी मिळवावी?

नमस्कार. मी पश्चिम विदर्भातील एका खेड्यात राहतो आणि गावच्या वाचनालयासाठी शेतीविषयक बातम्यांची कात्रणे जपून ठेवतो. पावसाळ्यात जिल्हा आवृत्तीत बातमी आली की, तालुक्यातील काही महसूल मंडळांत (महसुली कामासाठी केलेल्या गावांच्या गटांत) अतिवृष्टी झाली असून तेथील बाधित क्षेत्राचा अहवाल वर गेला आहे. आमच्या मंडळाचे नाव त्यात नव्हते. त्याच रात्री आमच्या शिवारातला नाला धुरे (बांध) फोडून वावरात शिरला, सोयाबीन आडवे झाले आणि पऱ्हाटी (कपाशी) पाण्यात उभी राहून पिवळी पडली. बातमी खोटी आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही, कारण वार्ताहराने हाती आलेला तक्ताच छापला असणार. मला तो तक्ता आणि तो ज्या नोंदींवरून तयार झाला त्या नोंदी पाहायच्या आहेत.

चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी धरतात आणि पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर शेतकरी मदतीस पात्र ठरतो, इतके मला माहीत आहे. कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस दिसतो आणि त्यात आमच्या मंडळाचा आकडा लागोपाठच्या दोन तारखांना ६५ च्या आतच आहे. माझी खरी शंका येथे आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे पहाटे सुरू झालेली आणि दुपारपर्यंत चाललेली एकच झड दोन तारखांत विभागली जाते आणि दोन्ही आकडे मर्यादेखाली राहू शकतात. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राची तासागणिक नोंद मिळाली, तर नेमके काय घडले ते कळेल. ही तासागणिक नोंद तहसील कार्यालयाकडे असते, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे असते की जिल्हा स्तरावर मागावी लागते? शिवाय एका मंडळात अनेक गावे आणि पर्जन्यमापक मात्र एका ठिकाणी, अशा स्थितीत पुराच्या पाण्याने झालेले नुकसान पावसाच्या आकड्याशिवाय स्वतंत्रपणे नोंदवले जाते का, हेही कोणी प्रत्यक्ष अनुभवावरून सांगावे.

दुसरी गोष्ट पंचनाम्यांची. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी मिळून केलेले संयुक्त पंचनामे आणि त्यांवरून तयार झालेली गावनिहाय यादी मला हवी आहे. तोंडी विचारले असता, यादीत लोकांची नावे असल्यामुळे ती देता येणार नाही, असे सांगण्यात आले. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) मध्ये अनुदान कार्यक्रमांच्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावा, अशी तरतूद आहे. मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहिती नाकारण्याबाबतचे कलम ८(१)(ञ) बदलले आहे. या बदलानंतर अशा याद्या कोणाला मिळाल्या आहेत का, आणि नकार आल्यास कलम ८(२) मधील व्यापक लोकहिताचा मुद्दा अपिलात कसा मांडला, हे जाणून घ्यायचे आहे. बँक खाते किंवा आधार क्रमांक मला नकोच आहेत. गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र आणि नुकसानीची टक्केवारी एवढे पुरे.

अर्जाच्या मसुद्यातही अडचण आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो. पाऊसनोंद आणि पंचनामे हा एक विषय मानला जाईल की दहा-दहा रुपयांचे दोन अर्ज करणे सुरक्षित ठरेल? ‘अतिवृष्टीबाबतची सर्व माहिती’ असे लिहिल्यास मोघम उत्तर येईल, ही भीती आहे. म्हणून मागायच्या कागदाचे कार्यालयातील नेमके नाव कोणास ठाऊक असल्यास कृपया लिहावे. जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहण्याची सोय २०१८ च्या शासन परिपत्रकाने केली आहे. तालुक्याच्या ठिकाणी ती लागू होते का?

माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवस लागतात आणि तोवर शेतात नांगर फिरलेला असतो. म्हणून शेवटची विचारणा अशी की, पंचनाम्यातून सुटलेल्या शेतकऱ्यांनी तहसीलदारांकडे लेखी हरकत आधी द्यावी आणि कागद नंतर जोडावेत, की आधी नोंदी हाती घ्याव्यात? ज्यांच्या गावात अशी हरकत मान्य झाली आहे त्यांनी, सोबत कोणते पुरावे लावले होते ते कृपया सविस्तर लिहावे.