बँकरोल शिस्तीने टिकतो, पण वाढतो तो खेळाने

फोल्डकर:
परवा एकाने ऑनलाइन पोकरसाठी "चाळीस डॉलरपासून बँकरोल (खेळासाठी वेगळा ठेवलेला पैसा) कसा उभारावा" अशी लांबलचक पोस्ट टाकली होती. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो, म्हणणं असं की वीस बाय-इन (टेबलवर बसताना घ्यायची रक्कम, शंभर बिग ब्लाइंड) हाताशी ठेवा, पैसे कमी झाले की एक लेव्हल उतरून लहान पैजांवर खेळा, रोज ठरलेला वेळ बसा, टिल्ट झालं, म्हणजे हरून डोकं फिरलं, की उठा, आणि एवढं नेमाने केलं की पैसा आपोआप वाढत जातो, हुशारी वगैरे दुय्यम. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मला राहवलं नाही म्हणून हा वेगळा धागा.

अहो, आपोआप कसा वाढेल? बँकरोलचे नियम बुडू नये म्हणून असतात. जो शंभर हातांमागे दोन बिग ब्लाइंड (पानं बघायच्या आधी लावायची सक्तीची मोठी पैज, टेबलचं मापच ते) हरतोय त्याला वीस काय, दोनशे बाय-इन द्या, तो शून्यावरच येणार, फक्त उशिरा येणार. आणि जिंकणाऱ्याचं गणित करून बघा. शंभर हातांमागे विन रेट (सरासरी कमाई) ५ बिग ब्लाइंड आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (नशिबाचे चढउतार) ९० धरलं (सहा जणांच्या सिक्स मॅक्स टेबलला साधारण तेवढं असतंच), तर वीस बाय-इन पूर्ण उडायची शक्यता येते ८ टक्क्यांच्या आसपास. तोच विन रेट २ वर आणा, बाकी काहीही बदलू नका, शक्यता ३७ टक्के. दोघंही नियमाने खेळणारे, फरक फक्त कोण किती बरं खेळतो याचा. नवीन पोरांना "आधी शिस्त" सांगून आपण त्यांना सावकाश हरायला शिकवतोय, आणि याचा मला मनापासून राग येतो.

शांत_गडी:
सपशेल असहमत. ख्रिस फर्ग्युसनने काय केलं ते विसरलात का? फुल टिल्ट या साइटवर एक पैसाही न भरता सुरुवात केली, पहिले कित्येक महिने फ्रीरोल (फुकट प्रवेशाच्या स्पर्धा) खेळून दोन-चार डॉलर जिंकायचे आणि परत शून्य, पण नियम सोडले नाहीत. कॅश टेबल किंवा सिट अँड गोला (खेळाडू जमले की सुरू होणारी छोटी स्पर्धा) बँकरोलच्या ५ टक्क्यांवर बाय-इन नाही, मोठ्या टूर्नामेंटला २ टक्क्यांवर नाही, आणि नो लिमिट (पैजेला मर्यादा नसलेल्या) टेबलवर समोरची रक्कम बँकरोलच्या १० टक्क्यांवर गेली की ब्लाइंड आपल्यापर्यंत आले की उठायचं. शून्याचे दहा हजार डॉलर केले त्या माणसाने, आणि नियम पाळून केले. यात हुशारी कुठे आली, सांगा.

फोल्डकर:
तो माणूस २००० साली पोकरच्या वर्ल्ड सिरीजचा मेन इव्हेंट जिंकून आलेला होता हो! कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी, गेम थिअरी कोळून प्यायलेला. त्याला एवढं करायला दीड वर्षाच्या आसपास लागलं. म्हणजे जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एकाला जे काम इतकं जड गेलं, ते आपल्यासारख्याने नुसतं वेळापत्रक पाळून होईल असं तुम्ही म्हणताय. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

जुना_पत्तेवाला:
फर्ग्युसनचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. ज्या साइटवर हा शिस्तीचा प्रयोग झाला तिचं पुढे काय झालं? १५ एप्रिल २०११ ला अमेरिकन सरकारने दणका दिला आणि कळलं की खेळाडूंच्या खात्यात जे आकडे दिसत होते तेवढा पैसा कंपनीकडे नव्हताच. आणि हे गृहस्थ संचालक मंडळावर! २०१२ मध्ये पोकरस्टार्स या दुसऱ्या साइटने सरकारशी तडजोड केली तेव्हा कुठे परतफेडीचा रस्ता निघाला, अमेरिकेबाहेरच्यांना त्याच वर्षाच्या शेवटी पैसे मिळाले आणि अमेरिकेतल्या लोकांना २०१४ पर्यंत वाट बघावी लागली. सेंट सेंट जमवलेला बँकरोल तीन वर्षं अडकला तर तुमच्या ५ टक्के आणि २ टक्क्यांना काय चाटायचंय? सगळा पैसा एका साइटवर ठेवू नका आणि वरचेवर काढत जा, हा पहिला नियम हवा. तो त्या पोस्टमध्ये नाही आणि इथेही कुणी बोलत नाहीये.

सातदोन_सूटेड:
आणि रेक, म्हणजे साइट पॉटमधून कापते तो वाटा? रेकचं नाव कुणीच का घेत नाही? मायक्रोला (सगळ्यात खालच्या लेव्हलना) पॉट इतके लहान असतात की कॅप (कपातीची कमाल मर्यादा) सहसा लागतच नाही, प्रत्येक पॉटमधून पूर्ण टक्केवारी कापली जाते. बिग ब्लाइंडच्या हिशोबात बघितलं तर सगळ्यात जास्त रेक सगळ्यात गरीब खेळाडू भरतो. मी ज्या साइटवर खेळायचो तिथे रेकबॅक (रेकमधून परत मिळणारा वाटा) न सांगता कमी केला, मेल केला तर छापील उत्तर आलं. माझे टेबलवर जिंकलेले पैसे आणि भरलेला रेक यांची तुलना केली तर रेकच मोठा निघाला. शिस्त, हुशारी यावर भांडताय, तिसराच माणूस रोज जिंकून जातोय.

गणितवेडी:
रेकचा मुद्दा बरोबर आहे पण त्याला स्वतंत्र धागा लागेल. धागाकर्त्यांच्या आकड्यांबद्दल बोलते. सूत्र बरोबर आहे, पण ते माणूस शेवटपर्यंत त्याच लेव्हलवर बसून राहील असं धरतं. मूळ पोस्टमध्ये खाली उतरायचा नियम स्पष्ट दिला होता. दहा बाय-इन गेल्यावर अर्ध्या स्टेकवर उतरलात तर उरलेले दहा तिथे परत वीस होतात, त्यामुळे तुमचे ८ आणि ३७ दोन्ही बरेच खाली येतात. ज्या शिस्तीला तुम्ही दुय्यम म्हणताय तीच हिशोबातून वगळून तुम्ही निष्कर्ष काढलाय, हे काही बरोबर नाही.

फोल्डकर:
ठीक आहे, वरच्या लेव्हलवरच्याला हे लागू आहे, तेवढं मान्य. पण मूळ पोस्ट चाळीस डॉलरवाल्यासाठी होती. म्हणजे २ सेंटचा बिग ब्लाइंड, २ डॉलरचा बाय-इन. त्याने खाली उतरून जायचं कुठे? बहुतेक साइट्सवर त्याच्या खाली लेव्हलच नाही.

आणि त्या लेव्हलवर "हळूहळू वाढवा" म्हणजे काय तेही बघा. शंभर हातांमागे ५ बिग ब्लाइंड म्हणजे १० सेंट. चार टेबलं मिळून तासाला तीनशे हात झाले तर कमाई ३० सेंट. एवढ्या पैशासाठी कोणी शहाणा माणूस बसत नसतो, बसायचं ते शिकायला. एक हात सांगतो म्हणजे मुद्दा कळेल. ५ एनएल (५ सेंटचा बिग ब्लाइंड), बटणवर (सगळ्यांच्या शेवटी बोलायची जागा) एक्का-राणी, १५ सेंटला ओपन, म्हणजे पहिली पैज, बिग ब्लाइंडवाल्याचा कॉल (तेवढेच पैसे घालून खेळात राहणं). फ्लॉप (टेबलवरची पहिली तीन पानं) राणी-अठ्ठी-तिर्री, आपण २० सेंट, तो निमूट कॉल. टर्न (चौथं पान) पंजी, ५० सेंट, निमूट कॉल. रिव्हर (पाचवं, शेवटचं पान) दुर्री, आपण ९० सेंट घालतो आणि हा गडी, ज्याने अख्ख्या सेशनमध्ये कुणाला रेझ केलेलं नाही, म्हणजे कुणाची पैज वाढवलेली नाही, तो २.७० करतो. कॉलला अजून १.८० लागतात, म्हणजे चारातून एकदा तरी आपण पुढे असायला हवं. अशा खेळाडूचा तिथे ब्लफ जवळजवळ नसतोच, सेट (एकाच आकड्याची तीन पानं) नाहीतर टू पेअर, आपल्या राण्यांच्या जोडीला दोन्ही भारी. तिथे पानं टाकून हात सोडता आला, म्हणजे फोल्ड करता आलं, की ३६ बिग ब्लाइंड वाचले, म्हणजे चांगल्या खेळाडूची सातशे हातांची कमाई. कितीही नेमाने रोज संध्याकाळी बसा, हा फोल्ड त्याने येत नाही. बसून हात तपासावे लागतात.

शांत_गडी:
आणि रोज हात तपासायला बसणं ही शिस्त नाही तर काय आहे? फोल्ड करायचं असतं हे त्या जागी सगळ्यांना माहीत असतं हो. बोट कॉलवर जातं कारण मागच्याच हातात एक्क्याची जोडी फुटलेली असते. मी दोन वेळा पूर्ण बुडालोय, दोन्ही वेळा पुस्तकं वाचून झाली होती, रेंज (कुठल्या जागेवरून कुठली पानं खेळायची त्या याद्या) पाठ होत्या. तिसऱ्यांदा एकच गोष्ट बदलली, तीन बाय-इन गेले की लॅपटॉप बंद, काही झालं तरी. तेव्हापासून खाली गेलेलो नाही. माझ्यासाठी हा पुरावा पुरेसा आहे.

गणितवेडी:
स्टॉप-लॉसला, म्हणजे ठरावीक तोट्यावर उठायच्या या नियमाला, गणितात काडीचा आधार नाही. पुढच्या हाताला मागचे हात माहीत नसतात. आज तीन बाय-इन हरून उठलात आणि उद्या बसलात, तर फक्त मध्ये झोप घेतलीत. जिंकणारा खेळाडू चांगल्या टेबलवरून नियम म्हणून उठतो तेव्हा तो पैसे सोडून उठतो. आणि "तेव्हापासून खाली गेलो नाही" याला पुरावा म्हणत नाहीत. २ चा विन रेट असलेला माणूस १ लाख हात खेळूनही तोट्यात असायची शक्यता २४ टक्के आहे. उलट बाजूने, हरणारा माणूसही बराच काळ फायद्यात राहू शकतो. १ लाख हात म्हणजे तासाला तीनशेने सव्वातीनशेहून जास्त तास. तुमचे किती हात झालेत?

शांत_गडी:
झोप घेतलीत म्हणे! ती झोपच तर महत्त्वाची आहे. ताई, तुम्ही कधी खरोखर हरलाय का? रात्री दोन वाजता, सकाळी काम असताना, दुप्पट स्टेकवर जाऊन एका झटक्यात भरून काढू असं वाटलंय का कधी? नसेल तर सूत्रं सांगू नका.

गणितवेडी:
वैयक्तिक होऊ नका. हरलेय, भरपूर हरलेय, त्याशिवाय कोणी ही सूत्रं शिकत नाही. माझ्या अनुभवाची उलटतपासणी केल्याने तुमचा स्टॉप-लॉस सिद्ध होत नाही.

चेकरेझ_चिंतू:
स्टॉप-लॉसबद्दल माझ्या मोठ्या भावाचं सांगतो. त्याचाही नियम होता, भिंतीवर चिकटवलेला, दोन बाय-इन. कटाक्षाने लॅपटॉप बंद करायचा, जेवायचा, आणि अंथरुणात पडल्यावर फोनवर तीच साइट उघडायचा. फोनवरचं "नवीन सेशन" म्हणून मोजायचा! वहीत प्रत्येक सेशनचा तोटा मर्यादेत, महिन्याचा एकूण तोटा भयंकर. वही मी स्वतः बघितलीय, एकेक ओळ नीट लिहिलेली. शेवटी वहिनींनी खातं कायमचं बंद करायला लावलं तेव्हा थांबलं. शिस्तीचा देखावा करणाऱ्यांना हे नियम फार सोयीचे पडतात, आणि अशा माणसाला बँकरोल कसा उभारायचा हे सांगणंच चूक आहे. त्याने खेळूच नये.

जुना_पत्तेवाला:
चिंतूशी शंभर टक्के सहमत. घरखर्चातून उचललेल्या पैशाला बँकरोल म्हणू नये.

फोल्डकर:
हे मात्र कुणी नाकारणार नाही.

स्टॉप-लॉसवर मला दोघांचंही पटत नाही. गणितवेडी म्हणतात पत्त्यांना आठवण नसते, खरं आहे, पण पत्ते खेळणाऱ्याला असते. शिवाय दुसरं एक कुणी बोललं नाही, आपण उठतो ते उलट वेळी. जिंकत असलो की "आजचा फायदा पदरात पाडून घेऊ" म्हणून अर्ध्या तासात उठतो, आणि हरत असलो की पहाटेपर्यंत बसतो. म्हणजे टेबल आपल्याला घाबरलेलं असतं आणि डोकं ताजं असतं तेव्हा कमी हात, आणि सगळ्यांना आपण घायकुतीला आलेले दिसतो तेव्हा जास्त हात. पण शांत_गडी, तुमचा तीनचा आकडा कुठून आला? ट्रॅकर (हातांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर सेशनमध्ये दोन बाय-इन खाली गेल्यानंतरचे हात वेगळे काढा आणि आपला व्हीपीआयपी (किती टक्के हातांत आपण आपणहून पैसे घालतो तो आकडा) बघा. तो बदलत नसेल तर उठायची गरज नाही. बदलत असेल तर बहुधा तीनच्या खूप आधी बदलतोय.

शांत_गडी:
लावला फिल्टर. एरवी व्हीपीआयपी २४ आहे. दीड बाय-इन खाली गेल्यावर ३३. तिसऱ्या बाय-इनपर्यंत ३६. बघा, म्हणजे उठायला हवं हे माझं बरोबरच होतं. आकडा तीन नको होता, दीड हवा होता, एवढं तुमचं मान्य करतो.

गणितवेडी:
हात किती आहेत त्या फिल्टरमध्ये? शिवाय हरणारं सेशन बऱ्याचदा ढिल्या, म्हणजे सगळेच जास्त हात खेळतात अशा, टेबलवर असतं, तिथे व्हीपीआयपी वाढणं थोडंफार योग्यच असतं. तरी २४ चे ३६ हा टेबलाचा परिणाम नाही, हे मी मान्य करते. तुमच्यापुरता स्टॉप-लॉस ठेवा. सगळ्यांना नियम म्हणून सांगू नका.

सातदोन_सूटेड:
आणि व्हीपीआयपी ३६ ने खेळलं की जास्त पॉटमध्ये जाता, म्हणजे रेकही तितका जास्त भरता, हे लक्षात घ्या.

शांत_गडी:
हात तीन हजारांच्या आसपास. कमी आहेत हे मलाही कळतं, पण मी दीडलाच उठणार.

फोल्डकर:
उठा, जरूर उठा. पण त्या तीन हजारांतले सगळ्यात मोठे हरलेले दहा पॉट इथे टाका, प्रीफ्लॉपपासून (फ्लॉपच्या आधीपासून), पोझिशनसकट (टेबलवर कुठे बसला होता त्यासकट). माझी शंका आहे की जादाचे बहुतेक हात बिग ब्लाइंडमधून केलेले कॉल असतील, गुलाम-सत्ती, राजा-चौकी असले. ते आधी बघू, मग रिव्हरकडे वळू.