नवीन फ्लॅटमधला पहिला नाताळ: आत काय, बाहेर काय?

गासची_सून

ऑक्टोबरात आम्ही नालासोपारा पश्चिमेला राहायला आलो. दुसरा मजला, वन बीएचके. हॉल दहा बाय चौदा, पुढे साडेतीन फुटांची गॅलरी, तिला ग्रिल. वसईतल्या गासला, सासरच्या घरी कधी विचार करावाच लागला नाही. कागदी तारा आंब्याला, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा ओट्यावर, अंगणातल्या क्रूसाला झेंडूचा हार, सगळं ठरलेलं. सासऱ्यांचा गोठा अर्धा ओटा अडवायचा. विहीर, पूल, मेंढरं, आणि एका वर्षी तर त्यांनी एसटीसुद्धा उभी केली होती!

इथे ओटा नाही, अंगण नाही. नवरा म्हणतो सहा फुटी प्लास्टिकचं झाड आणू. माझा जीव गोठ्यात. दोन्ही मावणार नाहीत. त्यात मुलगी दीड वर्षाची, हाताला लागेल ते तोंडात. गोठा शू रॅकवर ठेवायचा असा नवऱ्याचा दुसरा प्रस्ताव आहे.

सोसायटीचा नियम: पॅसेजमधून वायर नको, बाहेरच्या भिंतीला खिळा नको. आतला रंगही नवाच आहे. बजेट चार हजार. फादर 14 डिसेंबरला घराला आशीर्वाद द्यायला येणार आहेत, तोवर किती सजवलेलं बरं दिसेल? समोरचे सोलापूरचे काका रोज विचारतात, "तुमचा स्टार कधी लागणार?"

भुईगावचा_आजोबा

बाय, आधी गोठा. झाडाचं मागून बघू.

चपलांच्या कपाटावर प्रभूला ठेवायला तुझ्या सासूबाई तयार होतील का, ते जावईबुवांना विचारून घ्यायला सांग. जन्म गुरांच्या गोठ्यात झाला हे खरं, पण तिथे निदान चपला नव्हत्या.

मुलीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, हॉलच्या कोपऱ्यात त्रिकोणी फळी बसव. दोन बाजू दोन-दोन फूट पुरे. एवढ्याशा जागेत काय होणार असं वाटत असेल तर ऐक. संत फ्रान्सिसनं 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात गोठ्याचा देखावा केला, त्यात पेंढा भरलेली गव्हाण, एक बैल आणि एक गाढव होतं. विहीर, पूल, एसटी ही आपली वसईकरांची भर. (एसटीबद्दल तुझ्या सासऱ्यांना माझा सलाम सांग. आमच्याकडे एकदा लोकल ट्रेन होती.)

मूर्ती या वर्षी तीनच घे: मारिया, योसेफ, बाळ येशू. जमलं तर बैल. मेंढपाळ पुढच्या वर्षी, राजे त्याच्या पुढच्या. मोठा संच एकदम घेतला की मूर्ती लहान आणि रंग भडक मिळतात. वीतभर उंचीच्या तीन चांगल्या मूर्ती बारा चिल्लर मूर्तींपेक्षा शोभतात. छपराला भाताचा पेंढा गासहून आण, भिंतींना केळीच्या खोडाची सुकलेली सोपं, म्हणजे सालं. डोंगरासाठी खाकी कागद चुरगळायचा, मग अर्धा उलगडून त्यावर हिरवा-तपकिरी रंग ब्रशनं शिंपडायचा. थर्माकोल आणू नकोस. त्याचे दाणे मुलगी वेचून खाईल.

हिरवळीसाठी नाचणी रात्रभर भिजवून 10 तारखेच्या आसपास पसरट ताटलीत, बोटभर मातीत पेर. थंडीत ती सावकाश येते, चोवीसला बेताची उंच होते. गहू लवकर वाढतो आणि मग आडवा पडतो, तो पेरायचा तर 14 नंतर. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही.

आता 14 तारखेचं. तो तिसरा आगमन रविवार, गुलाबी मेणबत्तीचा. म्हणजे नाताळाआधीच्या तयारीचा आगमनकाळच चालू आहे, सण सुरू झालेला नाही. फादर येतील तेव्हा टेबलावर हिरव्या पानांचं वर्तुळ, तीन जांभळ्या नि एक गुलाबी मेणबत्ती, भिंतीवर क्रूस, एवढं असलं की घर भरलेलं वाटतं. गोठा उभा असला तरी चालेल, पण गव्हाण रिकामी ठेव. बाळ चोवीसच्या रात्री चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर. तोवर ते कपाटात, आणि कुठल्या कपाटात ते लक्षात ठेव.

वायरमन_विरार

बाहेरचं मी सांगतो. गॅलरीत पॉइंट असेल तर पॅसेजचा प्रश्नच येत नाही. नसेल तर हॉलमधला पॉइंट घ्या, पण वायर स्लायडिंगच्या फटीत चेपू नका. रोज दार सरकवून तिचं आवरण सोलतं. वरच्या कोपऱ्यातून काढा.

खिळ्याची गरज नाही, ग्रिलला केबल टाय पुरतात. कागदी तारा अडकवताना त्याचं वजन सुतळीवर किंवा नायलॉन दोरीवर घ्या, वायर सैल राहू द्या. लोक होल्डरच्या वायरवरच तारा लोंबकळत ठेवतात, मग वाऱ्यानं जोड सुटतो. कागदी ताऱ्यात जुना पिवळा बल्ब नको, कागद तापतो. पाच ते नऊ वॅटचा एलईडी भरपूर झाला. डिसेंबरात पाऊस नसला तरी पहाटे दव पडतं, म्हणून दिव्यांची माळ बाहेर लावायची घ्या. पाकिटावर आयपी65 लिहिलेलं असतं. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तिचं टेस्ट बटण एकदा दाबून बघा. नवीन बिल्डिंग आहे म्हणून ती चालतेच असं नाही.

दिवाळीची बाहेर लावायची माळ आहे ना? तीच लावा. नाताळची वेगळी माळ असते हे दुकानदाराचं म्हणणं.

ग्रिल लोखंडी आहे का? असेल तर वायरचा उघडा जोड तिला अजिबात टेकू देऊ नका.

निर्मळ_नर्सरीवाली

आजोबांचा मान राखून, झाडाची बाजू मांडते. लहान मुलं गोठा बघतात, झाडाभोवती नाचतात. सहा फुटी नको, पण अरौकेरियाचं कुंडीतलं दोन-अडीच फुटी रोप घ्या. नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणूनच मिळतं. गॅलरीत ठेवा, सणापुरतं आत घ्या. फांद्या नाजूक असतात, म्हणून कागदाचे तारे आणि लोकरीचे गोंडे एवढंच टांगा. काचेचे गोळे नकोतच. गाणी म्हणणाऱ्या बॅटरीच्या सांताक्लॉजपासून तर लांब राहा, त्यातली बटणासारखी बॅटरी मुलानं गिळली तर तडक हॉस्पिटल.

काही जण सुरूची फांदी तोडून आणतात. किनाऱ्यावरचं सुरूचं बन वारा आणि वाळू अडवायला लावलंय, त्याला हात लावू नका. कुणाच्या वाडीत छाटणी होत असेल तर मागून घ्या.

पॉइन्सेटिया, म्हणजे नाताळातलं लाल पानांचं रोप, घेणार असाल तर लाल झालेलाच घ्या. त्याला लाली चढायला लांब, अंधारी रात्र लागते. तुमच्या गॅलरीसमोर रस्त्याचा दिवा असला तर घरी तो हिरवाच राहील. आणि तोही उंचावर, पान तुटलं की चीक येतो.

गासची_सून

ग्रिल लोखंडी आहे, दादा. गॅलरीत पॉइंट आहे, पण वॉशिंग मशीनच्या मागे. मशीन सरकवू.

सासऱ्यांना फोन केला. तारा विकत घेणार म्हटल्यावर ते नाराज झाले. आता दहा कामट्या तासून ते स्वतः घेऊन येणार आहेत, पाच-पाचचे दोन तारे बांधून मध्ये आडव्या काड्या. पतंगी कागद मी पापडीहून आणायचा. रंगावरून वाद चालू आहे. त्यांना लाल-पांढरा, मला नुसता पांढरा.

फळीला नवऱ्याची हरकत नाही, झाड मात्र त्याला हवंच. अरौकेरिया दोन फुटी, त्याच्या खर्चानं. मूर्ती तीनच घेईन. आजोबा, बैल पुढच्या वर्षी चालेल ना?

भुईगावचा_आजोबा

बैल माझ्याकडे जास्तीचा आहे. एक शिंग मोडलंय, ते भिंतीकडे कर. मूर्ती घेतल्यास की उंची कळव, जुळला तर देतो.