गो-वेन्ट-गॉन तोंडपाठ, वाक्यात मात्र चूक

शिकवणीवाली:
आठवी-नववीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना अनियमित क्रियापदांची यादी दिली आहे. एबीसीडीच्या क्रमाने दीडशेच्या आसपास, रोज दहा. तिन्ही रूपं घडाघडा म्हणतात. लिहायला बसली की ‘आय डिडन्ट वेन्ट’, ‘शी हॅज ड्रँक’, ‘ही कॅच्ड द बॉल’. यादी बदलू की पद्धत?

खडूफळा:
आधी यादी. एबीसीडीत ब्रेक, ब्रिंग, बिल्ड शेजारी येतात आणि तिघांची चाल वेगळी. रूप कसं बदलतं त्यावरून गठ्ठे पाडा.

कट, पुट, हिट, शट, कॉस्ट, हर्ट बदलतच नाहीत. हे एका बैठकीत होतात. ‘ही कट्स’ आज, ‘ही कट’ काल, एवढं दाखवा.

सगळ्यात मोठा गठ्ठा दुसरं-तिसरं सारखं असणाऱ्यांचा: सेंड-सेंट, स्पेंड-स्पेंट, बिल्ड-बिल्ट; कीप-केप्ट, स्लीप-स्लेप्ट, स्वीप-स्वेप्ट; फीड-फेड, मीट-मेट. ‘ऑट’वाले यातच येतात. त्यांच्या स्पेलिंगला एक खूण आहे. मूळ शब्दात ए असेल (कॅच, टीच) तर ‘एयूजीएचटी’. नसेल (बाय, ब्रिंग, थिंक, फाइट) तर ‘ओयूजीएचटी’.

सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, स्विम-स्वॅम-स्वम, बिगिन-बिगॅन-बिगन: दुसऱ्यात ए, तिसऱ्यात यू. तुमचं ‘हॅज ड्रँक’ इथलं. या चालीवर मुलं ‘ब्रँग’ आणि ‘थँक’ही करतात, म्हणून ब्रिंग आणि थिंक त्याच दिवशी घेऊ नका.

राहिले शेवटी एन घेणारे: ब्रेक-ब्रोक-ब्रोकन, नो-न्यू-नोन, राइट-रोट-रिटन. रायटिंगमध्ये टी एक, रिटनमध्ये दोन. इथे हमखास मार्क जातो.

अनुस्वार:
गठ्ठे उत्तम, पण ‘डिडन्ट वेन्ट’ त्याने सुटणार नाही. मराठीत ‘मी गेलो नाही’ म्हणताना भूतकाळ क्रियापदावरच राहतो, मुलं तेच इंग्रजीत नेतात. इंग्रजीत तो भार डिड उचलतो, म्हणून क्रियापद मूळ रूपावर परततं. एकेका क्रियापदाची चार वाक्यं लिहून घ्या:

ही वेन्ट येस्टरडे.
ही डिडन्ट गो.
डिड ही गो?
ही हॅज गॉन.

रोज दहा जमणार नाहीत, पाच पुरेत. तीच पाच तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा विचारा, क्रम मोडून. ‘फॉट कुणाचं?’, ‘टेकचं तिसरं?’ असं मधूनच. एका सुरात म्हटलेल्या यादीत मुलाला तिसरं रूप आठवतं ते पहिली दोन म्हटल्यावरच. पेपरात तेवढी उसंत नसते. तिसऱ्या रूपासाठी कर्मणी वाक्यंही घ्या: द ग्लास वॉज ब्रोकन.

सुरुवात बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, टेक, सी, कम, नो, गिव्ह या बारांपासून. सतत वापरातली क्रियापदंच वाकडी राहतात. मराठीतही जा-गेला, ये-आला, कर-केला हेच आहे. मुलांना हे दाखवलं की इंग्रजीवरचा राग जरा उतरतो.

तळटीप:
यात घोळ घालणाऱ्या जोड्यांची भर. एका तासात दोन्ही शिकवू नका, पहिली पक्की झाल्यावरच दुसरी.

लाय-ले-लेन म्हणजे आडवं पडणं. ले-लेड-लेड म्हणजे ठेवणं, अंडं घालणं. खोटं बोलण्याचं लाय सरळमार्गी, त्याला लाइड.
फॉल-फेल-फॉलन आणि फील-फेल्ट-फेल्ट.
फाइंडचं फाउंड, पण संस्था स्थापण्याचं फाउंड-फाउंडेड.
चित्र भिंतीवर हंग, फाशीला मात्र हँग्ड.

शिकवणीवाली:
चार वाक्यांचं उद्यापासून सुरू करते. गॉट की गॉटन? लर्न्ट की लर्न्ड?

खडूफळा:
गॉटन अमेरिकेत चालतं, ब्रिटिश वळणात गॉट. लर्न्ट-लर्न्ड, बर्न्ट-बर्न्ड दोन्ही बरोबर. पाठ्यपुस्तकात जे असेल ते धरा, एका उत्तरात सरमिसळ नको.

रीडबद्दल राहिलंच: तिन्ही रूपांचं स्पेलिंग एकच, उच्चार रीड-रेड-रेड. ते पाहून मुलं लीडचा भूतकाळही मूळ स्पेलिंगनेच लिहितात. तो ‘एलईडी’, मधला ए गळतो.