आकड्यामागची कावीळ

सायटेशन, म्हणजे एका संशोधकानं आपल्या पेपरात दुसऱ्याच्या पेपरचा दिलेला हवाला, हा नुसता आकड्यांचा खेळ असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. काश्मीरमधले डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांचंच बघा. १९७८ ला काश्मीर खोऱ्यात काविळीची साथ आली, गरोदर बायका जास्त दगावल्या. ही कावीळ 'हिपॅटायटिस ए' विषाणूची नाही, 'बी'ची पण नाही, एखादा वेगळाच विषाणू असावा, असं त्यांनी १९८० मध्ये छापून मांडलं. तो विषाणू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला १९८३ ला. रशियातले शास्त्रज्ञ बालायान यांनी त्यासाठी स्वतःलाच लागण करून घेतली होती. 'हिपॅटायटिस ई' हे नाव तर त्याच्याही नंतरचं.

आमच्या बीडकडच्या गावात नळाची पाइपलाइन नालीतून गेलेली. एका पावसाळ्यात ती फुटली अन् घरोघर कावीळ. वहिनीला सातवा महिना. डोळे हळदीसारखे पिवळे, गळ्यात काविळीची माळ, अन् सगळे ती माळ कधी लांबते म्हणून बघत बसलेले. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी 'गरोदर आहे, एक दिवसही थांबू नका' म्हणून लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं. वहिनी वाचली. त्या बाईंनी खुरूंचा पेपर वाचला नसेलही, पण तो धोका पाठ्यपुस्तकात आला तो असाच, एकानं दुसऱ्याचा हवाला देत देत.