जायंट डिपर पाडा म्हणे!

सॅनहोजेकर: काल एकाने लिहिलंय की कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ बोर्डवॉकवरचा, म्हणजे समुद्राकाठच्या करमणूक पार्कातला, जायंट डिपर हा लाकडी रोलरकोस्टर १९२४ चा, शंभरी उलटली, आता पाडून तिथे स्टीलचा कोस्टर टाका. वाचून डोकंच फिरलं. अहो, ४७ दिवसांत उभा केलेला तो, १९८९ च्या भूकंपात शेजारचं डाऊनटाऊन कोसळलं तरी हा उभा! १९८७ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे, पाडायला काय गोठा आहे का?

खारी_हवा: ते मीच लिहिलं. समुद्राकाठी लाकूड किती टिकतं? फळ्या बदलतात, खिळे बदलतात, डबेही नंतरचे. मग १९२४ चं उरलं काय ते सांगा.

माईंची_सून: कौलं बदलली म्हणून वाडा नवा होतो का? लाकूड जरा हलतं, कुरकुरतं, त्याचीच तर मजा आहे. स्टीलचे कोस्टर पाहिजेत तर दुसरीकडे ढीगभर आहेत.

घाटावरचा: लाकडाचं कौतुक मला सांगू नका. आमच्या गावच्या जत्रेत लाकडी पाळण्याचा दांडा मोडला, माझ्या भावाचा हात तिथेच मोडला, अजून सरळ होत नाही.

सॅनहोजेकर: भावाचं वाईट वाटलं, पण दोन दिवसांसाठी दोरीने बांधलेला पाळणा आणि रोज तपासतात तो ट्रॅक एकाच मापाने मोजता?

घाटावरचा: दोरीने नव्हता बांधलेला! माहिती नसताना बोलू नका. पाळणेवाले पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करतात, त्यालाही हातचं कसब लागतं.

पाळणाप्रेमी: बरोबर आहे, हाताने फिरवायचा पाळणा आता दिसतच नाही, सगळीकडे मोटर. वर गेल्यावर अख्खं गाव दिसायचं, त्याच्यासाठी कुणी धागा काढत नाही.

माईंची_सून: काढा की तुम्ही, मी लिहीन. पण इथे डिपरबरोबर १९११ चं, लूफ नावाच्या कारागिराचं कॅरोसेलही (गोल फिरणारं लाकडी घोड्यांचं चक्र) आहे, ७३ घोडे, हाताने कोरलेले. सासूबाई ७१ व्या वर्षी बाहेरच्या रांगेतल्या घोड्यावर बसल्या, पदर खोचून, फिरता फिरता बाजूला लावलेली लोखंडी रिंग ओढली आणि समोरच्या जोकरच्या चित्राच्या तोंडात नेमकी मारली. भारतात परत गेल्यावर वर्षभर सगळ्यांना तेच सांगत होत्या. रिंगवालं कॅरोसेल आता किती ठिकाणी उरलंय?

खारी_हवा: बरं, घोड्यांचं मान्य, ते खरंच त्याच हातचे आहेत. त्यांना कुणी हात लावू नये. डिपरबद्दल माझं मत तेच.