टोकाचं बोलणाऱ्या बायका म्हणजेच आजचा स्त्रीवाद का?

माणदेशी:
परवा पुतणी म्हणाली, "काका, मी स्त्रीवादी नाही हं." पोरगी इंजिनीअर, स्वतःच्या पगारावर घर घेतलेली. का गं, म्हटलं तर मोबाईलवर व्हिडिओ दाखवला: लग्न म्हणजे गुलामी, पुरुष सगळे सारखेच. तिच्या लेखी स्त्रीवाद म्हणजे एवढंच. मला वाईट वाटलं. १९९४ साली महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा मिळाला, २००५ मध्ये देशभर. ही खरी कमाई. ती सोडून आरडाओरडा करणाऱ्यांना प्रतिनिधी का मानायचं?

बुलढाणेकर:
अजिबात पटलं नाही. टोकाचं काय हे ठरवणार कोण? १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी या विधवेला तान्ह्या बाळाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली (पुढे ती रद्द होऊन काळ्या पाण्याची झाली). त्यावरून वर्तमानपत्रांतून समस्त बायकांची अब्रू निघाली. तेव्हा आमच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. भाषा अशी की आजही झोंबते. इतकी टीका झाली की जोतीराव फुल्यांना त्यांची बाजू घेऊन लिहावं लागलं. गोड बोलल्या असत्या तर आज कुणी नाव घेतलं असतं का? आणि १९९४ चा कायदा म्हणाल, तर आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्याच होत्या.

लेक_सांगलीची:
मी हक्कसोडपत्रावर सही केलेली बाई आहे. भाऊ म्हणाला, "ताई, माहेर तुटायला नको." निबंधक कार्यालयात आई शेजारी बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, माझ्याकडे बघत नव्हती. कायदा मला ठाऊक होता, तोंडातून शब्द फुटला नाही. धाकटीने सही केली नाही. तिला बळ आलं ते अशाच एका व्हिडिओतून, "भाऊबीजेच्या साडीवर जमीन सोडू नका" असं ओरडून सांगणाऱ्या मुलीमुळे. दोन वर्षं भाऊ तिच्याशी बोलला नाही. आता बोलतो.

माणदेशी:
ताई, वाचून गलबललो. त्या मुलीचं ओरडणं मला शंभर टक्के मान्य. ती अन्यायावर बोट ठेवते. पण 'पुरुष सगळे सारखेच' म्हणताना बोट कशावर असतं? माझ्या वडिलांनी न मागता दोन्ही आत्यांची नावं सातबाऱ्यावर लावली, तेही त्यात आलेच.

लेक_सांगलीची:
दादा, तुमच्या वडिलांना नमस्कार. आमच्या भावकीत असा एकही निघाला नाही, म्हणून त्या पोरीचा आवाज चढतो. पुतणीला विचारा, गावच्या जमिनीत तिचं नाव लागलंय का?